अमेरिकेतील सामूहिक गोळीबार : कारणांचा न सुटलेला वाद

१ ऑगस्ट १९६६ रोजी अमेरिकेतील ऑस्टिन शहरात पंचवीस वर्षांचा एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी टेक्सस विद्यापीठाच्या उंच मनोऱ्यावर बंदुका घेऊन चढला. त्याआधी रात्रीच त्याने आई आणि बायको या दोघींना ठार केले होते. मनोऱ्यावरून सुमारे दीड तास तो खालच्या माणसांवर नेम धरून गोळ्या झाडत राहिला. डझनाहून अधिक माणसे मेली, त्याहून कितीतरी जास्त जखमी झाली. अखेर पोलिसांनी वर जाऊन त्याला मारले. अमेरिकेतील आधुनिक सामूहिक गोळीबारांचा इतिहास बहुधा या घटनेपासून सांगितला जातो. त्यांच्या कारणांचा वादही इथूनच सुरू होतो, आणि नंतरच्या जवळजवळ साठ वर्षांत त्यात नवे मुद्दे फारच थोडे आले.

हा तरुण पूर्वी मरीन दलात होता. लहानपणी घरात वडिलांची मारहाण होती. घटनेच्या काही महिने आधी तो विद्यापीठाच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे गेला होता, आणि मनोऱ्यावर जाऊन लोकांना गोळ्या घालाव्यात असे विचार मनात येतात, हे त्याने तिथे सांगितलेही होते. आपल्या मेंदूची तपासणी करावी, असे त्याने चिठ्ठीत लिहून ठेवले. शवविच्छेदनात मेंदूत खरोखरच गाठ सापडली, पण राज्यपालांनी नेमलेल्या तज्ज्ञांना त्या गाठीचा या कृत्याशी संबंध ठामपणे जोडता आला नाही. त्याच सकाळी त्याने दुकानातून एक कार्बाइन आणि एक शॉटगन विकत घेतली होती. शहरातले काही नागरिक आपापल्या रायफली आणून खालून त्याच्यावर गोळ्या झाडत होते. मेंदूचा आजार, दुखावलेले बालपण, वेळीच न ओळखलेला इशारा, सहज मिळणारे शस्त्र, हल्लेखोराला उत्तर देणारा सशस्त्र नागरिक, हे पुढे गाजलेले सगळे मुद्दे या एकाच प्रकरणात हजर आहेत.

या वादात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळतात. हा माणूस हिंसेकडे का वळला? त्याच्या हिंसेत इतकी माणसे का मेली? आणि असे प्रकार याच देशात वारंवार का घडतात? जाहीर चर्चेत बहुतेक वेळा एकाने पहिल्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे आणि दुसऱ्याने ते तिसऱ्या प्रश्नाला लावून खोडायचे, असे होते. वाद इतका लांबण्याचे ते एक मोठे कारण आहे.

आकड्यांपासूनच घोळ सुरू होतो, कारण सामूहिक गोळीबार कशाला म्हणायचे यावर एकमत नाही. ‘गन व्हायोलन्स अर्काइव्ह’ ही संस्था हल्लेखोर सोडून किमान चार जणांना गोळी लागली, की ती घटना मोजते, मग कोणी मेले असो वा नसो. या मोजणीने २०२० ते २०२३ या प्रत्येक वर्षी अमेरिकेत सहाशेहून अधिक घटना झाल्या. सार्वजनिक ठिकाणी किमान चार माणसे मारली गेली पाहिजेत आणि टोळीयुद्ध किंवा घरगुती हत्याकांड वगळले पाहिजे, अशी कडक व्याख्या घेतली, तर हा आकडा वर्षाला मोजक्या घटनांवर येतो. दोन्ही आकडे खरे आहेत. मात्र पहिला आकडा सांगून दुसऱ्या प्रकारच्या घटनेचे चित्र उभे केले, तर वाचकाची दिशाभूल होते.

कोणतीही व्याख्या घेतली, तरी या घटनांतले मृत्यू बंदुकीने होणाऱ्या एकूण मृत्यूंचा अगदी छोटा भाग असतात. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीमुळे ४८,८३० माणसे मेली. त्यातल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. बाकीच्यात बहुतेक खून रोजच्या भांडणांतले, टोळ्यांमधले आणि घरातले होते. त्यांची बातमी गावाबाहेर क्वचितच जाते.

२० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडोतील कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी बारा विद्यार्थी आणि एका शिक्षकाला मारले, तेव्हा हा वाद घराघरांत पोहोचला. हल्लेखोर ‘डूम’ हा व्हिडिओ गेम खेळत, म्हणून गेमवर खापर फुटले, तसे ते मॅरिलिन मॅन्सन या गायकावरही फुटले, जरी ते दोघे त्याचे चाहते नव्हते. मुलांनी छळल्यामुळे त्यांनी सूड घेतला, ही गोष्ट तर आजही सांगितली जाते. तपासातून वेगळे चित्र पुढे आले : एकजण थंड डोक्याने माणसांना तुच्छ लेखणारा, दुसरा आत्महत्येच्या विचारांनी ग्रासलेला. कॅलिफोर्नियाने अल्पवयीनांना हिंसक गेम विकण्यावर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये रद्द केली. असे खेळ आणि प्रत्यक्ष हिंसा यांचा कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही, हेही निकालात म्हटले. जपान आणि दक्षिण कोरियात हेच खेळ तितक्याच आवडीने खेळले जातात, आणि तिथे बंदुकीने होणारे खून अत्यल्प आहेत.

शाळांतून प्रार्थना गेली, कुटुंबे मोडली, धर्माचा धाक सरला, असे म्हणणारा मोठा वर्ग अमेरिकेत आहे. त्यांच्या काळजीत खोटेपणा नाही. एकाकी, कुठेच न रुजलेली तरुण मुले हा खरा प्रश्न आहे. पण घटस्फोट आणि चर्चपासून दुरावणे युरोपातही आहे, आणि तिथे शाळाशाळांत गोळीबार होत नाहीत.

मानसिक आजाराचा मुद्दा याहून गंभीर आहे. १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात बत्तीस जण मारले गेले. त्यांत तमिळनाडूत जन्मलेले एक प्राध्यापक होते आणि वास्तुकलेच्या शिक्षणासाठी मुंबईहून गेलेली एक विद्यार्थिनी होती. हल्लेखोर विद्यार्थ्यापासून त्याच्याच जिवाला धोका आहे, असे न्यायालयाने २००५ मध्ये म्हटले होते आणि त्याला उपचार घ्यायला सांगितले होते. ती नोंद बंदूक खरेदीच्या तपासणी यंत्रणेपर्यंत पोहोचलीच नाही. त्याने दोन पिस्तुले दुकानातून रीतसर विकत घेतली. पुढे अशा नोंदी यंत्रणेत याव्यात म्हणून कायदा झाला.

तरीही मानसिक आजाराला मुख्य कारण ठरवणे चुकीचे आहे. ड्यूक विद्यापीठातील जेफ्री स्वॉन्सन यांच्या मांडणीनुसार, गंभीर मानसिक आजार समाजातून पूर्ण नाहीसे झाले, तरी हिंसा जेमतेम चार टक्क्यांनी घटेल. २००० ते २०१३ मधल्या त्रेसष्ट हल्लेखोरांचा ‘एफबीआय’ या केंद्रीय तपास संस्थेने अभ्यास केला, तेव्हा मानसिक आजाराचे निदान आधी झालेले त्यांत चौथा हिस्साच निघाले. निदान झालेला आजार एक आणि नोकरी, नाते, अब्रू सगळे हातचे गेल्याची निराशा दुसरी. ही दुसरी अवस्था बहुतेक हल्लेखोरांत दिसते. प्रत्येक घटनेनंतर सरसकट मनोरुग्णांकडे बोट दाखवल्याने उपचार घेणाऱ्या लाखो निरुपद्रवी माणसांवर मात्र अन्याय होतो.

एकाकीपणा, राग, आजार, द्वेष जगभर आहेत. अमेरिकेचे वेगळेपण बंदुकांच्या संख्येत आहे. ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संशोधन संस्थेच्या २०१७ च्या अंदाजाप्रमाणे अमेरिकेत नागरिकांच्या हातात सुमारे ३९ कोटी बंदुका होत्या, म्हणजे शंभर माणसांमागे एकशेवीस. जगाच्या चार टक्के लोकसंख्येकडे जगातल्या खासगी बंदुकांपैकी जवळपास निम्म्या बंदुका! भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा आहे. अमेरिकेत १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे, आणि तो व्यक्तीचा हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ठरवले. भारतीय वाचकाला अमेरिकी वाद विचित्र वाटतो, तो या फरकामुळे.

१४ डिसेंबर २०१२ या एका दिवशी जगात दोन शाळांवर हल्ले झाले. चीनच्या हनान प्रांतात एका माणसाने सुरीने तेवीस मुलांवर वार केले. मुले जखमी झाली, पण एकही मेले नाही. कनेटिकटमधील सँडी हूक शाळेत अर्धस्वयंचलित रायफलीने वीस मुले आणि सहा मोठी माणसे मारली गेली. ही मुले सहा-सात वर्षांची होती. मारण्याची इच्छा दोन्ही ठिकाणी होती, पण मेलेल्यांची संख्या हातातल्या शस्त्राने ठरली.

बंदूक बाळगण्याच्या बाजूचे लोक निव्वळ हट्टी आहेत, असे समजणे बरोबर नाही. अमेरिकेच्या ग्रामीण भागात पोलीस यायला बराच वेळ लागतो, शिकार ही तिथली जुनी रीत आहे, आणि गुन्हेगार कायदा पाळत नाही हेही खरे. सँडी हूकनंतर ‘नॅशनल रायफल असोसिएशन’ या बंदूकधारकांच्या संघटनेने मात्र सशस्त्र दुर्जनाला सशस्त्र सज्जनच रोखू शकतो, अशी भूमिका घेतली. तिची कठोर परीक्षा २४ मे २०२२ रोजी टेक्ससमधील युवाल्डी येथे झाली. अठरावा वाढदिवस होताच कायदेशीरपणे रायफली घेतलेल्या तरुणाने प्राथमिक शाळेत एकोणीस मुले आणि दोन शिक्षिका मारल्या. पावणेचारशेच्या घरात सशस्त्र पोलीस तिथे जमले, आणि वर्गात शिरायला त्यांनी सत्याहत्तर मिनिटे लावली.

इतका वाद होऊनही पुरेसे संशोधन का नाही, याचे उत्तर राजकारणात आहे. १९९६ मध्ये अमेरिकी संसदेने बंदूक नियंत्रणाच्या प्रचारासाठी रोगनियंत्रण केंद्राचा पैसा वापरण्यास मनाई करणारी ‘डिकी दुरुस्ती’ मंजूर केली. तिच्या धाकाने या केंद्राने बंदूक हिंसेवरचे संशोधन दोन दशकांहून अधिक काळ जवळपास थांबवले. ज्यांच्या नावाने ही दुरुस्ती ओळखली जाते, त्या जे डिकी यांनीच पुढे तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. या कामासाठी केंद्राला पुन्हा पैसे मिळाले, तेव्हा २०२० हे वर्ष उजाडत आले होते.

जिलियन पीटरसन आणि जेम्स डेन्सली या संशोधकांनी १९६६ पासूनच्या हल्लेखोरांची आयुष्ये तपासली. लहानपणचा आघात, घटनेपूर्वीचा एखादा मोठा कोसळण्याचा क्षण, आधीच्या हल्लेखोरांचा अभ्यास आणि शस्त्र हाती येण्याची सोय, या चार गोष्टी त्यांना पुन्हा पुन्हा आढळल्या. अनेकांना मरायचेच होते, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी बेत आधी कोणाला तरी सांगितला होता. कोलंबाइननंतर सीक्रेट सर्व्हिसने केलेल्या अभ्यासातही, शाळेवरच्या बहुतेक हल्ल्यांची कुणकुण दुसऱ्या कोणाला तरी होती, असे दिसले. आपले नाव कोलंबाइनच्या दोघांसारखे गाजावे, ही ओढ नंतरच्या अनेकांत आहे. म्हणून हल्लेखोराचे नाव आणि छायाचित्र बातम्यांतून कमीत कमी द्यावे, असा आग्रह मृतांच्या नातेवाइकांनी धरला. २०१९ मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींतील हत्याकांडानंतर न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी हल्लेखोराचे नाव उच्चारायला जाहीर नकार दिला.

अर्थात काही हल्ल्यांमागे उघड द्वेषाची विचारसरणी असते. २०१२ मध्ये विस्कॉन्सिनच्या ओक क्रीक गुरुद्वारात शीख भाविकांना मारणारा आणि २०२२ मध्ये बफेलोच्या दुकानात दहा कृष्णवर्णीयांना मारणारा, दोघेही गोऱ्या वर्चस्ववादाने पछाडलेले होते. २०१७ च्या लास व्हेगासच्या गोळीबारात साठ माणसांचे प्राण गेले, आणि तिथे ‘एफबीआय’ला कोणतेही एक स्पष्ट कारण सापडले नाही.

रोजच्या हिंसेचे गणित आणखी वेगळे आहे. २०२० मध्ये अमेरिकेत खून एका वर्षात सुमारे तीस टक्क्यांनी वाढले. इतकी वाढ नोंदी सुरू झाल्यापासून कधी झाली नव्हती. कोविडच्या महासाथीने बंद पडलेल्या शाळा आणि सेवा, पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर पोलीस आणि वस्त्यांमधला तुटलेला विश्वास, बंदुकांची विक्रमी विक्री, अशी कारणे सांगितली गेली. २०२३ आणि २०२४ मध्ये खून झपाट्याने घटले, आणि बंदुका मात्र कमी झाल्या नव्हत्या. म्हणजे हिंसेची एकूण पातळी बंदुकांच्या संख्येवरून समजत असली, तरी वर्षावर्षातला चढउतार केवळ तेवढ्यावरून समजत नाही. ही हिंसा शहरांतल्या मोजक्या वस्त्यांत एकवटलेली असते, आणि तिचे ओझे सर्वाधिक कृष्णवर्णीय तरुणांवर पडते. भांडण गोळीपर्यंत जाण्याआधी मध्यस्थी करणारे स्थानिक कार्यकर्ते तिथे काम करतात. त्यांचे यश मात्र दूरचित्रवाणीवर दिसत नाही.

इतर देशांनी उत्तर लवकर शोधले. १९९६ च्या मार्चमध्ये स्कॉटलंडमधील डनब्लेनच्या शाळेत सोळा मुले आणि त्यांची शिक्षिका मारली गेली, तेव्हा ब्रिटनने पिस्तुलांवर बंदी आणली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये टास्मानियातील पोर्ट आर्थर येथे पस्तीस माणसे मेल्यावर ऑस्ट्रेलियाच्या जॉन हॉवर्ड सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या. हॉवर्ड हे उजव्या विचारांचे नेते होते, हे इथे लक्षात घेण्यासारखे आहे.

अमेरिकेत सँडी हूकनंतरचे खरेदीपूर्व तपासणीची व्याप्ती वाढवणारे विधेयक सिनेटमध्ये साठ मतांची अट असल्याने चौपन्न मतांवर अडले. २०१८ मध्ये फ्लोरिडातील पार्कलंडच्या शाळेत सतरा जण मारले गेल्यावर त्या राज्याने बंदूक खरेदीचे किमान वय एकवीस केले आणि धोकादायक व्यक्तीची शस्त्रे न्यायालयाच्या हुकमाने काही काळ काढून घेण्याची तरतूद आणली. अशी तरतूद आता वीसहून अधिक राज्यांत आहे. युवाल्डीनंतर २०२२ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याने एकवीस वर्षांखालील ग्राहकांची अधिक तपासणी आणि मानसिक आरोग्यासाठी निधी, या दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या. न्यायालये आता घरातल्या कपाटापर्यंतही पोहोचली आहेत. मिशिगनमधील ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये २०२१ साली चार विद्यार्थ्यांना मारणाऱ्या मुलाला वडिलांनी काही दिवसच आधी पिस्तूल आणून दिले होते. घटनेच्या सकाळी त्याने काढलेले हिंसक चित्र पाहून शाळेने आईवडिलांना बोलावले, तरी ते त्याला घरी घेऊन गेले नाहीत. २०२४ मध्ये दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी प्रत्येकी दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली, आणि त्याच वर्षी जॉर्जियातील एका शाळेत चार जणांचा बळी गेल्यावर मुलाला रायफल देणाऱ्या वडिलांवरही खुनाचा आरोप ठेवण्यात आला.