बंद दिवा का लुकलुकतो?

बटण बंद केलं तरी एलईडी बल्ब मंद उजळत राहतो, किंवा दर काही सेकंदांनी लुकलुकतो. ‘मालच हलका निघाला’ म्हणून लोक नवा बल्ब आणतात आणि तोही तसाच वागतो. दोष बहुधा वायरिंगमध्ये असतो.

आधी बटणाकडे बघा. त्याच्या आतच लाल इंडिकेटर आहे का? बटण बंद असताना त्या इंडिकेटरचा चिमूटभर प्रवाह बल्बमधूनच जातो. 60 वॉटच्या जुन्या पिवळ्या बल्बला 230 व्होल्टवर सुमारे 0.26 अँपिअर लागत. एक मिलिअँपिअरहूनही कमी प्रवाहाने त्याची तार कोमटही होत नसे. एलईडीला तेवढा पुरतो. आतला कपॅसिटर सावकाश भरत जातो, पुरेसा भरला की क्षणभर प्रकाश, मग पुन्हा अंधार. जिन्यातल्या दोन बटणांच्या दिव्याला तर इंडिकेटरही लागत नाही. एकाच पाइपातून शेजारी शेजारी गेलेल्या वायरी स्वतःच कपॅसिटरसारख्या वागतात. यात वीज नगण्य जाते, धोकाही नाही.

तिसरं कारण मात्र मला खरोखर अस्वस्थ करतं. बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेलं असतं. दिवा विझलेला किंवा नुसता मंद लुकलुकता दिसतो, पण होल्डरमध्ये फेज जिवंत असते आणि स्टुलावर चढलेला माणूस बेसावध असतो. म्हणून बल्ब बदलण्याआधी मेन स्विच बंद कराच. आणि बटण फेजवरच आहे ना, हे वायरमनकडून एकदा तपासून घ्या.