सिगारेट सोडणाऱ्याचा सोबती

नाशिकच्या इंदिरानगरांत रात्रीचीं जेवणें आटोपलीं कीं पुष्कळ माणसें शतपावलीसाठीं बाहेर पडतात. त्यांतील एखादे गृहस्थ, ‘जरा पाय मोकळे करून येतों’ असें घरांत सांगून, कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीपाशीं थांबतात, एक सिगारेट ओढतात आणि बडीशेपेची चिमूट तोंडांत टाकून परत फिरतात. पत्नीला वास येतो, मुलांनाहि येतो. बोलत मात्र कोणी नाहीं. महिन्यापूर्वीं याच गृहस्थांनी सिगारेट सोडल्याचें सर्वांसमक्ष जाहीर केलेलें असतें, आणि ती पुन्हां सुरू झाल्याचें कबूल करावयास आतां त्यांची जीभ रेटत नाहीं. हें चित्र कोणत्याहि एका घरचें नव्हे. निश्चय मोडला हें एक दुःख. तो मोडल्याचें लपवावें लागतें हें दुसरें. यांपैकीं दुसरें अधिक घातक होय, कारण जें लपलें त्यास मदत कोणी आणि कशी करावी?

धूम्रपान सुटणें इतकें अवघड कां, हें प्रथम पाहिलें पाहिजे. धूर फुप्फुसांत गेला कीं त्यांतील निकोटीन हें द्रव्य १०-२० सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोंचतें आणि क्षणभर बरें वाटतें. दिवसाकांठीं १० सिगारेटी आणि प्रत्येकीचे १० झुरके धरले, तर मेंदूला हें बक्षीस दिवसांतून १०० वेळां, म्हणजे वर्षांत ३६,५०० वेळां मिळतें. इतक्या वेळां गिरवलेला धडा एका निश्चयानें पुसला जाईल ही अपेक्षाच अवाजवी आहे. कोणी सिगारेटीवरून विडीवर येतात व तेवढ्यावर समाधान मानतात. नाशिकहून पुण्याच्या रस्त्यावर लागणारें सिन्नर विडीच्या धंद्यासाठीं प्रसिद्ध आहे, त्यामुळें विडी या भागाला परकी नाहीं. परंतु ती सौम्य आहे हा समज खोटा. विडींतूनहि निकोटीन भरपूर मिळतें, आणि ती विझूं नये म्हणून झुरके वरचेवर व जोरानें घ्यावे लागतात.

शेवटची सिगारेट विझल्यावर २० मिनिटांत नाडीचा वेग उतरूं लागतो. १२ तासांत रक्तांतील कार्बन मोनॉक्साईड वायूचें प्रमाण पूर्ववत् होतें. वर्षभरानें हृदयविकाराचा धोका, ओढीत राहणाऱ्याच्या मानानें, सुमारें निम्म्यावर येतो. शरीर असें सुधारत असतांना मन मात्र पहिले कांहीं दिवस बिघडलेलें असतें. दुसरा व तिसरा दिवस सर्वांत जड जातो. झोंप मोडते, चित्त एकाग्र होत नाहीं, भूक वाढते, क्षुल्लक कारणावरून राग येतो. हा ताप उतरावयास बहुधा तीन-चार आठवडे लागतात. घरच्यांना हें वेळापत्रक ठाऊक नसलें म्हणजे ‘यापेक्षां ओढत होता तेंच बरें होतें’ असे उद्गार निघतात, आणि त्या एका वाक्यानें आठवड्याचे कष्ट वाया जातात. तापकऱ्याच्या चिडचिडीचा राग कोणी मानीत नाहीं. तीच सवलत येथें द्यावयाची असते.

सोबतीचा प्रभाव किती पडतो, याविषयीं अमेरिकेंतील फ्रेमिंगहॅम या गांवीं झालेली पाहणी उद्बोधक आहे. १९७१ ते २००३ या काळांत १२,०६७ माणसांच्या नात्यागोत्यांचा व सवयींचा हिशेब ठेवण्यांत आला, आणि त्याचे निष्कर्ष २००८ सालीं प्रसिद्ध झाले. पतिपत्नींपैकीं एकानें धूम्रपान सोडलें कीं दुसऱ्यानें तें चालू ठेवण्याची शक्यता ६७ टक्क्यांनीं घटते असें दिसलें. मित्राच्या बाबतींत ही घट ३६ टक्के होती. माणसें एकेकटीं न सुटतां घोळक्यानें सुटत होतीं. त्याबरोबर एक खिन्न करणारी गोष्टहि आढळली: जे मागें राहिले ते आपल्या गोतावळ्याच्या कडेला ढकलले गेले. टपरीच्या अंधारांत एकटे उभे असलेले गृहस्थ तेच नव्हेत काय? सारखीं माणसें मुळांतच एकत्र येतात, तेव्हां हा सारा परिणाम सोबतीचा मानूं नये, असा आक्षेप विद्वानांनीं घेतला आहे व तो विचारांत घेण्याजोगा आहे.

शिवाय जोडीदाराला मुद्दाम शिकवून तयार केल्यानें यश वाढतें काय, हें तपासणाऱ्या प्रयोगांचा आढावा २०१८ सालीं निघाला, त्यांत अशी वाढ दिसून आली नाहीं. याउलट, गटानें नियमित भेटून केलेला प्रयत्न पुस्तिका वाचून एकट्यानें केलेल्या प्रयत्नाहून अधिक फळतो, असें २०१७ च्या आढाव्यांत दिसलें. यांतील भेद समजण्यासारखा आहे. घरांतील माणूस प्रेमापोटींच पहारेकरी होऊन बसतो. खिसे तपासतो, सदऱ्याचा वास घेतो. पहारा आला कीं चोरी आलीच. गटांतील माणूस त्याच वाटेनें गेलेला असतो, त्याच्यापुढें लाज वाटत नाहीं.

हें तत्त्व महाराष्ट्राला अपरिचित नाहीं. पुण्याचें मुक्तांगण व्यसनमुक्ति केंद्र डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनीं, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्यानें, १९८६ सालीं सुरू केलें. तें निघालें गर्दच्या व्यसनासाठीं. परंतु व्यसनांतून बाहेर पडलेल्यांनींच नव्यांना हात द्यावयाचा ही तेथील रीत तंबाखूलाहि लागू पडते. व्यसनी माणसांच्या पत्नींसाठीं तेथें ‘सहचरी’ नांवाचा गटहि चालतो. सोबत करणाऱ्यालाहि सोबत लागते, हें त्या संस्थेनें ओळखलें. २०१६-१७ च्या सरकारी पाहणींत महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं ३.८ टक्के धूम्रपान करणारे, तर २४.४ टक्के तंबाखू चघळणारे वा मशेरी लावणारे आढळले. तेव्हां चुन्याची डबी बाळगणाऱ्यांनीं हा विषय दुसऱ्यांचा समजूं नये.

प्रत्यक्षांत करावयाचें तें थोडेंच आहे. ‘अहो, आज ओढलीत का?’ या प्रश्नाला खोटें उत्तर तयार असतें. ‘आज कोणती वेळ जड गेली?’ या प्रश्नाला खरें उत्तर मिळतें. तलफ बहुधा कांहीं मिनिटांतच ओसरते, तेवढा वेळ फोनवर बोलणारा एक मित्र हाताशीं असावा. दोघां मित्रांनीं एकदमच सोडावयाचें ठरविलें तर उत्तम. परंतु एक घसरला कीं दुसराहि घसरतो, म्हणून पूर्वींच सोडलेला एखादा तिसरा गाठावा. एखादे दिवशीं चुकून ओढली गेली तर मागचे वीस दिवस फुकट गेले असें कोणी म्हणूं नये. त्या वेळीं चहा होता, भांडण होतें, कीं जागरण, एवढें विचारावें व टिपून ठेवावें. तलफ अनावर होणाऱ्यांनीं निकोटीनच्या गोळीविषयीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सिगारेटच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा दूरध्वनि-क्रमांक विनामूल्य आहे. ओढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तो रोज असतो आणि तो फिरवीत मात्र कोणी नाहीं. पहिल्या वेळीं सोबत्यानें शेजारीं बसून तो लावून द्यावा.

आणि रात्रीं गृहस्थ शतपावलीस निघाले कीं पत्नीनेंहि पायांत चपला सरकवाव्यात. टपरीचा कोपरा टाळून बागेच्या बाजूनें दोन फेऱ्या होतात, आणि पहिल्या आठवड्यांत त्या मुकाट्यानें झाल्या तरी चालतें.