परसातील बदकांच्या अंडी देण्यातील अडचणी : खानदेशाच्या संदर्भात

प्रस्तावना

धुळे व जळगाव या जिल्ह्यांत परसातील पक्षिपालन म्हणजे प्रामुख्याने कोंबडीपालन होय. बदके पाळणारी घरे विरळ आहेत. त्यामुळे कोंबडीविषयी गावोगावी जे अनुभवाचे ज्ञान आढळते, ते बदकांच्या बाबतीत सहसा उपलब्ध नसते. चार-सहा बदकांच्या कळपातील दोन माद्यांनी अंडी देणे थांबविले की घरातील अंड्यांचे उत्पन्न एकदम घटते आणि 'आता ही अंड्यावर येणार नाही' असे मानून मादी विकली किंवा कापली जाते. वास्तविक अशा मादीत पुष्कळदा कोणताही दोष नसतो. दोष तिच्या चाऱ्यात, उजेडात किंवा उन्हापासूनच्या निवाऱ्यात असतो. प्रस्तुत लेखात या कारणांचा खानदेशातील हवामान व पिके यांच्या अनुषंगाने विचार केला आहे.

प्रथम अंडी खरोखरच बंद झाली आहेत काय, हे पाहणे आवश्यक ठरते. बदक बहुतेक अंडी पहाटे ते सकाळी नऊच्या दरम्यान देते आणि कोंबडीप्रमाणे ठरावीक जागेचा आग्रह धरीत नाही. पहाटेच खुराडे उघडल्यास अंडी कुंपणालगत, गवतात किंवा थेट पाण्यात पडतात. उरलेली कावळे व मुंगूस फस्त करतात. म्हणून नऊ वाजेपर्यंत बदके कोंडून ठेवावीत. एवढ्या उपायानेच काही घरांतील 'अडचण' नाहीशी होते.

आहार आणि कवच

खानदेशातील परसातल्या पक्ष्याला मुख्यतः ज्वारी, बाजरी, मका व घरातील उरलेसुरले अन्न मिळते. ऊर्जेच्या दृष्टीने हे ठीक असले तरी कवचाच्या दृष्टीने ते अत्यंत अपुरे असते. कोंबडीच्या एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. बदकाचे अंडे मोठे असल्याने त्याला थोडे अधिकच लागते. याउलट १०० ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम साधारण २५ मिलिग्रॅम आणि मक्यात त्याहूनही कमी असते. म्हणजे दिवसाकाठी दीडशे ग्रॅम ज्वारी खाणाऱ्या मादीस धान्यातून ४० मिलिग्रॅमही मिळत नाही. गोगलगायी, किडे व हिरवा पाला यांतून काही भर पडते, पण ती पुरेशी नसते. उरलेली तूट मादी स्वतःच्या हाडांतून भरून काढते. काही दिवस अंडी पातळ कवचाची, नंतर बिनकवचाची येतात आणि अखेरीस थांबतात. यावरचा उपाय फारसा खर्चाचा नाही. शिंपल्यांचा भरड चुरा किंवा भाजून कुटलेली अंड्याची टरफले वेगळ्या भांड्यात सतत उपलब्ध ठेवावीत, विशेषतः संध्याकाळी. कारण पहाटे बाहेर येणाऱ्या अंड्याचे कवच रात्रभर तयार होत असते. हा चुरा धान्यात मिसळू नये. मादी गरजेपुरताच खाते. नरांना व पिलांना त्याची तितकी आवश्यकता नसते.

प्रथिनांसाठी पेंड देण्याची प्रथा आहे आणि कापूसपट्ट्यात सहज हाती येणारी पेंड म्हणजे सरकीची. गुरांना ती मानवते, म्हणून बदकांनाही मानवेल, हा समज मात्र चुकीचा आहे. सरकीतील गॉसिपॉल या द्रव्यामुळे साठविलेल्या अंड्यांचा बलक हिरवट-तपकिरी पडतो आणि तिच्या तेलातील काही मेदाम्लांमुळे पांढरा भाग गुलाबी होतो. गिऱ्हाईक अशी अंडी परत करते आणि बदकाला रोग झाला असावा असा संशय घेतला जातो. भुईमुगाची पेंड अधिक चांगली, परंतु ती कोरडी व बुरशीमुक्त असावी. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीमुळे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले व त्यातूनच अफ्लाटॉक्सिन या बुरशीजन्य विषाचा शोध लागला. बदक या विषाला अतिशय संवेदनशील आहे. पावसाळ्यात ओल लागलेला मका माणसांना नको म्हणून बदकांपुढे टाकणे हा काटकसरीचा नव्हे, तर नुकसानीचा मार्ग होय.

ऊन, पाणी व उजेड

मे महिन्यात जळगाव-भुसावळ परिसरातील तापमान ४४-४५ अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचते. धापा टाकणाऱ्या पक्ष्याच्या रक्तातील कर्बवायू घटतो, त्यामुळे कवचासाठी लागणारी कार्बोनेटची उपलब्धता कमी होते. शिवाय पक्षी खातही कमी. म्हणून उन्हाळ्यात चारा पहाटे व सूर्यास्तानंतर द्यावा. पोहण्यासाठी तळे अनिवार्य नाही; मात्र नाकपुड्यांसह डोके बुडेल इतके खोल पाण्याचे भांडे सावलीत असलेच पाहिजे.

हिवाळ्यातील घट वेगळ्या कारणाने होते. डिसेंबरात या अक्षांशावर दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो, तर अंडी देणाऱ्या मादीस १४ ते १६ तास उजेड लागतो. एक लहान दिवा रोज ठरावीक वेळी लावल्यास फरक पडतो. पिसे गाळण्याच्या काळात मात्र अंडी थांबणे स्वाभाविक असून तेव्हा केवळ चांगला आहार द्यावा.

अंडे अडकणे

मादी शेपटी खाली दाबून, ताठ उभी राहून वारंवार कळा देत असेल व खात नसेल, तर अंडे अडकल्याची शंका घ्यावी. तिचा मागचा भाग पंधरा-वीस मिनिटे कोमट पाण्यात ठेवावा, गुदद्वाराभोवती गोडे तेल लावावे व शांत, अंधाऱ्या जागी बसवावे. अंडे आत फोडण्याचा किंवा बोटाने ओढण्याचा प्रयत्न करू नये. तुकड्यांनी अंडनलिका फाटते. काही तासांत सुटका न झाल्यास पशुवैद्यकाकडे न्यावे. कॅल्शियमची कमतरता, स्थूलता व फार लहान वयात अंड्यावर येणे ही याची मुख्य कारणे आहेत.

केव्हा थांबू नये

वरील सर्व कारणांत अंडी हळूहळू घटतात. संपूर्ण कळपाची अंडी दोन-तीन दिवसांत एकाएकी बंद झाली, मऊ कवचाची आली, आणि शेजारच्या कोंबड्या मरू लागल्या, तर तो आहाराचा प्रश्न राहत नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील बर्ड फ्लूची पहिली नोंद नवापूर येथे झाली (हा तालुका १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होता) आणि मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातील परसातील कोंबड्यांतही तो आढळला. २०२१ मध्ये नवापूरला पुन्हा लागण झाली. बदकाचा धोका असा की ते स्वतः निरोगी दिसत असतानाही विषाणू पसरवू शकते. हतनूरसारख्या जलाशयांवर हिवाळ्यात स्थलांतरित पाणपक्षी येतात. अशा पाण्यावर पाळीव बदके सोडू नयेत. प्राण्यांतील संक्रामक रोगांविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार अशी शंका कळविणे हे मालकाचे कर्तव्य आहे. नुकसानभरपाईही शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांसाठी असते. म्हणून पक्षी मरून जाईपर्यंत वाट पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. कळविण्यापूर्वी उरलेली बदके आठवडे बाजारात नेऊ नयेत आणि मेलेले पक्षी नदीपात्रात टाकू नयेत.