पंचांग, वेधशाळा आणि ताऱ्यांचे छायाचित्र

दिल्लीचे जंतरमंतर सवाई जयसिंहाने १७२४ च्या सुमारास उभारले, तेव्हा ती जागा शहाजहानाबादच्या तटाबाहेरची मोकळी जमीन होती. आज तिच्या सभोवती कॅनॉट प्लेसची रोषणाई आहे. यंत्रे जागच्या जागी उभी आहेत; पण ज्यांचे वेध घेण्यासाठी ती बांधली, त्या ताऱ्यांपैकी मोजकेच आता तेथून दिसतात. ज्या दिल्लीकराला आकाशगंगेचे छायाचित्र घ्यावयाचे असेल, त्याला प्रथम शहराबाहेर पडावे लागते. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच मोडणारा राजस्थानचा अलवर जिल्हा त्यास सोयीचा आहे. सरिस्का अभयारण्याच्या आसपासच्या खेड्यांतून दिल्लीचा उजेड ईशान्येस, म्हणजे पाठीमागे राहतो आणि आकाशगंगेचा तेजस्वी मध्यभाग दक्षिणेकडे दिसतो.

परंतु केवळ अंतर तोडल्याने काम होत नाही. कोठे जावे हे ठरविणे सोपे. केव्हा जावे हे ठरविणे कठीण. त्यासाठी दोन सल्लागार लागतात. एक पंचांग, दुसरी वेधशाळा. पहिला निश्चित बोलतो, दुसरी संभाव्य बोलते. आणि या दोन बोलण्यांतला फरक ओळखणे हेच नियोजनाचे मर्म होय.

चंद्राची गती मराठी घरांना नवी नाही. संकष्टीचा उपवास सोडण्यासाठी चंद्रोदयाची वाट पाहणाऱ्या माणसाला हे ठाऊक असते की, कृष्ण चतुर्थीस चंद्र रात्री साधारण नऊच्या आसपास उगवतो. पुढे तो रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा येतो आणि कृष्ण अष्टमीस मध्यरात्र गाठतो. उलट शुक्ल अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. याचा अर्थ असा की, काळोखासाठी अमावास्येचाच हट्ट धरण्याचे कारण नाही. आपला विषय संध्याकाळी आकाशात असेल तर वद्य पक्षाचा उत्तरार्ध घ्यावा. पहाटे असेल तर शुद्ध पक्षाचा पूर्वार्धही चालतो. मात्र मुंबईसाठी छापलेली चंद्रोदयाची वेळ दिल्लीत वापरू नये. दिल्ली मुंबईच्या पूर्वेस सुमारे सव्वाचार अंशांवर आहे. केवळ रेखांशामुळेच सतरा-अठरा मिनिटांचा फरक पडतो, आणि अक्षांशामुळे तो कधी वाढतो, कधी घटतो. शिवाय सूर्य मावळला म्हणजे रात्र झाली असे नव्हे. तो क्षितिजाखाली अठरा अंश जाईपर्यंत संधिप्रकाश रेंगाळतो.

चंद्राचे हे वेळापत्रक वर्षानुवर्षे आधी लिहून ठेवता येते. मिथुन राशीतून होणारा डिसेंबरमधला उल्कावर्षाव २०२३ साली अमावास्येला लागून आला, तर २०२४ साली पौर्णिमेला. हे दोन्ही योग जाणकारांना आधीच ठाऊक होते. ढगांचे मात्र असे नाही. आकाश निरभ्र राहील की नाही हे आठवड्यापूर्वी सांगणेही जोखमीचे असते.

आता दिल्लीचे ऋतू या पंचांगावर ठेवून पाहू. जुलै-ऑगस्ट पावसाचे. मे-जूनमध्ये राजस्थानची धूळ आकाश मळवून टाकते. डिसेंबरचा उत्तरार्ध आणि जानेवारी धुक्याचे. ऑक्टोबरच्या मध्यापासून पंजाब-हरियाणातील भाताच्या खुंटांचा धूर येऊ लागतो. वारा मंद असतो, जमिनीलगतच्या गार हवेवर उबदार हवेचे झाकण बसते आणि धूर कोंडून राहतो. म्हणूनच दिवाळीची अमावास्या पंचांगाप्रमाणे गडद असली, तरी दिल्लीच्या परिसरात तारे टिपण्यास ती बहुधा निरुपयोगी ठरते. तिच्या एक महिना आधीची सर्वपित्री अमावास्या मात्र पाऊस सरल्यानंतर आणि धूर येण्यापूर्वी पडण्याचा संभव असतो. दिल्लीतून मोसमी वारे परतण्याची सरासरी तारीख २५ सप्टेंबर आहे. २०२४ साली ही अमावास्या २ ऑक्टोबरला होती, २०२६ साली ती १० ऑक्टोबरला येते. त्या दिवसांत आकाशगंगेचा मध्यभाग अंधार पडताच नैर्ऋत्येस असतो आणि लवकरच मावळतो. मार्च-एप्रिलमध्ये तोच भाग पहाटे दक्षिणेकडे दिसतो. वर्षातील बारा-तेरा अमावास्यांतून ऋतूंची ही वजाबाकी केली, तर बाकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरते. त्यांतली एक वाया गेली तर भरपाई पुढच्या वर्षीच.

येथे वेधशाळेचे साहाय्य घ्यावयाचे. आठवडाभर आधी लोदी रोडवरील मौसम भवनाचा अंदाज पाहावा, आणि विशेषतः पश्चिमी विक्षोभाची वार्ता शोधावी. भूमध्य समुद्राकडून येणारे हे हिवाळी वादळ जवळ आले की उंचावर विरळ ढग पसरतात. दिवसा आकाश निळेच भासते, पण रात्री तारे फिके पडतात. विक्षोभ पाऊस देऊन पुढे सरकला आणि वायव्येचा कोरडा वारा सुटला, की धुतलेल्या आकाशाच्या एक-दोन रात्री मिळतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये याच रात्री साधाव्यात. धुळीधुरासाठी हवेच्या गुणवत्तेचा अंदाजही पाहावा. दिल्लीसाठी ‘सफर’ ही अंदाजव्यवस्था २०१० साली पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने उभी केली.

आदल्या दिवशी आर्द्रता आणि दवबिंदू पाहावेत. रात्रीचे तापमान दवबिंदूजवळ येणार असेल आणि वारा पडलेला असेल, तर धुके धरण्याची शक्यता असते. धुके न धरले तरी भिंगावर दव साचते. संध्याकाळी इन्सॅट उपग्रहाने अवरक्त किरणांत टिपलेली ढगांची चित्रे पाहावीत, आणि मग स्वतःचे डोळे वापरावेत. सूर्य क्षितिजास टेकण्यापूर्वीच तांबूस मळकट थरात विरून गेला, तर अंदाज काहीही असो, हवेत धूळ आहे असे समजावे.

प्रत्यक्ष छायाचित्रणाचा भाग त्या मानाने सोपा आहे. तिपाई पक्की हवी, आणि पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते हे ध्यानी ठेवून रुंद भिंगानेही कॅमेऱ्याची झडप वीसएक सेकंदांपेक्षा अधिक वेळ उघडी ठेवू नये. नाहीतर ताऱ्यांच्या ठिपक्यांच्या रेघा होतात.

एकंदरीत, तारीख पंचांगावरून धरावी, पण ती एकच न धरता लागोपाठच्या तीन-चार रात्री मोकळ्या ठेवाव्यात. त्यांतली कोणती वापरावयाची हे वेधशाळेवर सोपवावे. चंद्राशी करार करता येतो, ढगांशी नाही.

काळोख हीसुद्धा जतन करण्याची वस्तू आहे, ही जाणीव आपल्या देशात आता रुजू लागली आहे. लडाखमधील हानले येथे २०२२ साली अंधाऱ्या आकाशाचे राखीव क्षेत्र जाहीर झाले, आणि २०२४ साली आपल्या महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पास अशीच आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. दिल्लीच्या वाट्याला एवढा काळोख नाही. म्हणूनच तेथील मुलांना आकाशगंगा दाखवावयाची असेल, तर वर्षातल्या त्या मोजक्या रात्री आधीपासून हेरून ठेवल्या पाहिजेत.