‘तू’ मैत्रीचा, ‘तू’ अपमानाचा

दोन फ्रेंच मित्र रस्त्यात भेटले की ‘साल्यू’ म्हणतात. निरोप घेतानाही हाच शब्द. मुले आणि मैत्रिणी लाडाने ‘कूकू’ अशी हाक देतात. लगेच पुढचा प्रश्न, ‘सा व्हा?’ म्हणजे ‘बरं आहे ना?’ आणि उत्तरही तेच, ‘सा व्हा!’

आभार मानायला ‘मेर्सी’. हा शब्द मजुरी, मोबदला अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे. मित्र त्यावर ‘द रियाँ’ म्हणतो, म्हणजे ‘त्यात काय एवढं!’ गंमत अशी, की जेवताना कुणी आणखी वाढू लागले आणि पाहुणा मान हलवून ‘मेर्सी’ म्हणाला, तर त्याचा अर्थ ‘नको, पुरे’ असा होतो.

अनोळखी माणसाशी मात्र ‘साल्यू’ चालत नाही. पाव घ्यायला गेले तरी दुकानात शिरताच आधी ‘बोंझूर’ म्हणजे नमस्कार, मग मागणे. नमस्कार न करता मागणे हा तिथे उद्धटपणा समजतात.

आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखे फ्रेंचमध्ये ‘त्यू’ आणि ‘वू’ आहे. घरच्यांना, मित्रांना ‘त्यू’, परक्याला ‘वू’. राज्यक्रांतीच्या काळात, १७९३ साली, सर्व नागरिक समान म्हणून सर्वांनीच एकमेकांना ‘त्यू’ म्हणावे, असा आग्रह धरला गेला. ती चाल फार टिकली नाही.

पण हाच शब्द एका बाजूनेच वापरला तर? आफ्रिकेतील काँगो देश बेल्जियमच्या गुलामीत होता. तिथे साहेबाची भाषा फ्रेंच. ३० जून १९६० रोजी देश स्वतंत्र झाला. त्या सोहळ्यात, बेल्जियमच्या राजासमोर, पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांनी आपल्या लोकांनी सोसलेल्या हालांचा पाढा वाचला. मारहाण, अपमान, हिरावलेल्या जमिनी. त्यातच त्यांनी हेही सांगितले, की काळ्या माणसाला ‘त्यू’ म्हणत, ते मित्र म्हणून नव्हे. मानाचा ‘वू’ फक्त गोऱ्यांसाठी राखलेला होता.

वाचक हो, ही जखम आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. वयाने मोठ्या बापाला मुलांदेखत कुणी ‘अरे-तुरे’ केलेले आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. ‘तू’ दोन्हीकडून असेल तर माया. एकाच बाजूने असेल तर मालकी.

म्हणून आपल्या मुलांना एवढे जरूर शिकवू या. कचरा न्यायला येणारी ताई असो की कचेरीतला साहेब, आधी नमस्कार, मग ‘तुम्ही’, आणि काम झाल्यावर आभार.