ऑरोव्हिल: घर तुमचं, पण मालकी नाही!

पुदुच्चेरीजवळ, पण बहुतांश तमिळनाडूत वसलेलं ऑरोव्हिल म्हणजे फक्त मातृमंदिराचा तो सोनेरी गोल नव्हे, मंडळी! 28 फेब्रुवारी 1968 ला श्रीमाताजींच्या, म्हणजे मीरा अल्फासा यांच्या कल्पनेतून या गावाची स्थापना झाली. त्या दिवशी 124 देशांची माती एका संगमरवरी कलशात ठेवली गेली.

मला जास्त भावतो तो इथला रोजचा व्यवहार. घरासाठी पैसे तुम्ही भरायचे, पण घर तुमच्या नावावर होत नाही. विकता येत नाही, मुलांना वारसा म्हणून देताही येत नाही. आपल्याकडे सात-बाऱ्यावरून भावकी पेटते, तिथे हे पचायला जडच! इथल्या सामूहिक स्वयंपाकघराच्या, म्हणजे सोलर किचनच्या छतावर 15 मीटर व्यासाची, आरशांनी मढवलेली भलीमोठी वाटी आहे. ऊन एकवटून स्वयंपाकासाठी वाफ करायची, हा तिचा उद्देश. आणि आज गावाभोवती दिसणारं जंगल? पूर्वी तिथे उजाड लाल माळ होता.

सगळं गोडीगुलाबीचं नाही हं. 50 हजारांच्या वस्तीचं स्वप्न होतं, राहतात साधारण 3,300. रस्त्यासाठी झाडं तोडण्यावरून 2021 पासून रहिवासी आणि प्रशासनात चांगलीच जुंपलीय.

जाणार असाल तर मातृमंदिराच्या आत बसण्यासाठी आधी नोंदणी करा, नाहीतर लांबूनच बघून परतावं लागेल.