पिस्तूल तिच्या हाती, नजर मात्र त्याची!

परवा टीव्हीवर १९८८ चा ‘जख्मी औरत’ लागला होता. डिंपल कापडिया पोलीस अधिकारी. तिच्यावर बलात्कार होतो, कोर्टात आरोपी सुटतात, मग इतर पीडित बायकांना घेऊन ती सूड उगवते. टाळ्या पडणारच! पण मैत्रिणींनो, अत्याचाराचा तो प्रसंग केवढा लांबवलाय! तो कुणासाठी? आपल्यासाठी तर नक्कीच नाही.

२०१४ च्या ‘मर्दानी’त राणी मुखर्जी साध्या कपड्यांत गुंडांना लोळवते, तेव्हा बरं वाटलं. पण नाव बघा, बाई शूर निघाली की ती ‘मर्दानी’च!

मध्यंतरी नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळलेल्या एकीला मी चौकीत नेलं. सगळा वेळ तिनं माझा हात सोडला नाही. तक्रार मात्र तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितली, शेवटपर्यंत.